क्रमांक एकचा डबा

मेलेला डबा बोलायला लागला तेव्हा सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि मी केतनशी चहावरून भांडत होते. केतन आमच्या केंद्रातला संगणकवाला, पुण्याचा. हुशार आहे, नाही कोण म्हणतंय, पण चहात आलं जरा जास्त पडलं की तोंड असं करतो, जसा काढाच पाजलाय. "मग स्वतः करून पी," असं मी म्हणतच होते, तेवढ्यात भिंतीवरच्या मोठ्या पडद्याची कडा लाल झाली. एखादा ठिपका नव्हे, सगळी कडा. तीन वर्षांत मी हे फक्त सरावात पाहिलं होतं.

"ताई, सराव आहे का आज?" केतनने विचारलं.

"सराव असता तर सरांनी काल वडापाव मागवला असता," मी म्हटलं.

मी गुणवंती शिवलकर. पणजीचं नाव माझ्या गळ्यात बांधलंय, गुण किती आहेत ते आईला विचारा. मिरकरवाड्यातली खारव्याची, म्हणजे मच्छीमाराची पोर, वय छत्तीस, आवाज मोठा. किनारा कमान म्हणजे किनाऱ्यावर पहारा ठेवणारी आमची सरकारी यंत्रणा; तिचं रत्नागिरी केंद्र मिरकरवाड्याच्या वरच्या टेकाडावर आहे. तिथे मी पडताळणीचं काम करते. करत होते.

काम काय, ते सांगते. किनाऱ्यावरच्या प्रत्येक होडीवर कमानीने एक डबा बसवलाय. प्रत्येक डब्यात एक गुप्त चावी असते आणि डबा दर दोन मिनिटांनी सांगतो, मी अमुक होडी, मी इथे आहे. कुठला डबा कुठल्या होडीवर, याची नोंद साखळीत असते. साखळी म्हणजे एकच नोंद एकाच वेळी पाच ठिकाणी: मुख्य कक्ष, दाभोळ, रत्नागिरी, पूर्णगड आणि समुद्रातली गस्तीनौका. एका ठिकाणी कुणी खाडाखोड केली तर बाकीच्या चार ठिकाणी उघडी पडते. गावकीत पाच जणांसमोर शब्द दिला की मागे घेता येत नाही ना, तसंच.

आणि लष्करी हुकूमही ह्याच साखळीतून जातात. कुणी कितीही मोठा साहेब असो, एकट्याने मारा करायचा हुकूम देऊ शकत नाही. एखादं यंत्र शत्रूने फोडलं तरी त्या यंत्राला एकट्याला काही करता येत नाही. पाचांपैकी तीन सह्या लागतात. पण तीन पडल्या की हुकूम आपला आपण सुटतो. मग मध्ये माणूस नाही. बंदरातल्या लाटरोधकाजवळ 'बाण' बांधून ठेवलेला असतो. बाण म्हणजे बिनमाणसाची बोट, नाकावर बंदूक. तो थेट साखळीचं ऐकतो.

त्या दिवशी पहाटेच मुख्य कक्षातून सूचना आली होती. आपल्या कुठल्यातरी डब्याच्या चावीची नक्कल झालीय आणि ती लावून एखादी परकी होडी किनाऱ्याकडे येऊ शकते. म्हणून सगळे आधीच तणावात होते. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. शिमगा पंधरा दिवसांवर आलेला आणि आमच्या सुट्ट्या रद्द.

गौरव सर आतल्या खोलीतून जवळजवळ धावतच आले. ते आमच्या केंद्राचे प्रमुख, नौदलातले, मूळचे चिपळूणकडचे. कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे त्यांची जास्त भीती वाटते.

"काय आहे?"

"मेलेली चावी बोलली, सर," केतन म्हणाला. "पूर्णगडच्या दक्षिणेला, अडीच मैल समुद्रात. साखळीत नोंद आहे की हा डबा नष्ट झालाय. दीड महिन्यापूर्वी. आणि आत्ता तो बोलतोय."

"आधी कुठून येत होता?"

"कुठूनच नाही. एकदम समुद्रात उगवला."

नष्ट झालेला डबा बोलला तर त्याचा अर्थ कमानीच्या नियमांत एकच: कुणीतरी चावीची नक्कल केली. याहून मोठा धोका आमच्या पुस्तकात नाही. सर पडद्यासमोर उभे राहिले. "डबा कुणाचा होता?"

केतनने नोंद उघडली. "क्रमांक एक. होडीचं नाव 'गंगुबाई'. मालक दत्ताराम शिवलकर. होडी मोडली, डबा नष्ट केला. पडताळणी..." तो थांबला आणि माझ्याकडे वळला.

"माझी," मी म्हटलं. "माझ्या वडिलांची होडी ती."

"म्हणजे ही चावी कुठून फुटली, ते शोधावं लागेल," सर म्हणाले. "पण ते नंतर. होडी मोडताना तुम्ही पाहिलीत ना?"

"हो सर."

हे एवढंसं 'हो सर' माझ्या तोंडातून कसं सुटलं, मला अजून कळत नाही. कारण मी पाहिली नव्हती.

नियम असा की होडी मोडली की मालकाने डबा पडताळणीवाल्याच्या समोर हातोड्याने फोडायचा आणि पडताळणीवाल्याने डोळ्यांनी पाहून सही करायची. बाबांनी फोन केला होता. "गुणे, उद्या गंगुबाय मोडतोय. बघायला ये गो." मी म्हटलं, काम आहे. डोंबलाचं काम! मला बघवणार नव्हतं. त्या होडीच्या फळीवर मी पाढे पाठ केले होते. आईशी भांडले की तिच्यातच जाऊन झोपायची. तिच्यावर कुऱ्हाड पडताना उभी राहू मी? दुसऱ्या दिवशी मी फोनवर विचारलं, "मोडली?" बाबा म्हणाले, "मोडली." "डबा?" "त्याची काय काळजी करू नको." ऋत्विकने, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, फळ्यांच्या ढिगाचा फोटो पाठवला. मी सही केली. चारशे बारा डब्यांची पडताळणी केलीय मी, भर उन्हात, चिखलात, लोकांच्या शिव्या खात. एकाच डब्याची घरी बसून केली, आणि तोही माझ्या घरचा.

"रेडिओवर हाका मारा," सरांनी सांगितलं.

मी मारल्या. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. उत्तर नाही.

अकरा वीसला ठिपका थांबला.

पूर्णगडच्या समोर, किनाऱ्यापासून दीड मैलावर, भर पाण्यात. दोन मिनिटांनी तिथेच. चार मिनिटांनी तिथेच. मुख्य कक्षाचे साहेब भिंतीवरच्या भोंग्यातून बोलत होते. त्यांचं नाव मी सांगत नाही, आवाज खणखणीत होता. "लक्ष्य थांबलंय. गस्तीनौकेच्या दुर्बिणीत धूसर दिसतंय, पण एकाने पाण्यात काहीतरी टाकलं. पुन्हा टाकलं. सुरुंग असू शकतात. मी सही करतोय."

पडद्यावर पहिली सही पडली. हुकूम वाचता येत होता: लक्ष्य अडवा, इशारा द्या, न थांबल्यास इंजिनावर मारा.

मिनिटभरात दाभोळची सही पडली. दोन.

आणि मी त्या थांबलेल्या ठिपक्याकडे बघत होते. कारण ती जागा मला ठाऊक होती. नकाशावर तिथे काही नाही, पण पाण्याखाली खडक आहे. आमच्या घरात त्याला आजोबांचा खडक म्हणतात. आजोबांची होडी तिथे फुटली. आजोबा सापडले नाहीत. तेव्हापासून आमची होडी परतताना तिथे इंजिन बंद करते. बाबा आधी एक नारळ टाकतात, मग मासळीतला पहिला चांगला मासा. आणि मग आजोबांना घरच्या बातम्या सांगतात. कोण आजारी, कुणाचं लग्न ठरलं, राहीला दात आले. राही ही ऋत्विकची मुलगी. मधे कुणी बोलायला नको म्हणून रेडिओ बंद करतात आणि बंदरात शिरेपर्यंत चालू करायचं विसरतात. आई दर वेळी ओरडते त्यावरून. बातम्या सांगायला सहा-सात मिनिटं लागतात. आईची काही तक्रार सांगायची असेल तर आठ.

अकरा सत्तावीसला ठिपका हलला. सात मिनिटं.

पाण्यात टाकलं ते सुरुंग नव्हते हो. नारळ होता आणि सुरमई होती.

बाबांची नवी होडी 'राही' चार दिवसांपूर्वी पहिल्यांदा बाहेर पडली होती. तिच्यावर नवा डबा, क्रमांक चारशे अकरा. बाबा तांडेल, इंजिनावर ऋत्विक, आणि पाच खलाशी. इंजिनावर मारा म्हणजे ऋत्विकवर मारा. तो इंजिनाशेजारीच बसतो.

"पूर्णगडची लाइन गेलीय," केतन म्हणाला. "त्यांची सही येणार नाही."

सर माझ्याकडे वळले. "गुणवंती, मी मंजुरी देतोय. आपली सही करा."

पडताळणीची माझी चावी गळ्यात होती आणि त्या पाळीला रत्नागिरीची सहीही तिनेच व्हायची. माझं बोट लावलं की तिसरी सही. तोंड उघडून सांगायचं होतं, सर, ते माझे बाबा आहेत. मला सांगता आलं नाही. खोटी पडताळणी म्हणजे नोकरी तर जातेच, वर खटला. आणि आत्ताच मी सरांच्या तोंडावर खोटं बोलले होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, माझ्या मनात भर दुपारचं ऊन होतं. मी विचार करत होते की सही न करता हे कसं थांबेल, माझं नाव न येता कसं थांबेल. नालायक बाई! बाप समुद्रात, भाऊ इंजिनावर, आणि मी माझ्या नावाचा विचार करतेय.

"एक मिनिट, सर," मी म्हटलं.

"एक मिनिट कशाला?"

मी उत्तर द्यायच्या आत पडदा टिंग वाजला. गस्तीनौकेची सही. तिसरी.

खिडकीतून खाली लाटरोधकाजवळ बाण सुटताना दिसला. आधी दोर आपोआप सुटला, मग पाण्यावर पांढरी रेघ. पडद्यावर आकडा आला: गाठायला चौदा मिनिटं.

तेव्हा माझा आवाज फुटला. "सर, थांबवा! बाबा आहेत ते! माझे बाबा आहेत त्या होडीवर!"

मग मी सगळं सांगितलं. खडक, नारळ, बातम्या, रेडिओ. आणि शेवटी, डबा मी फुटताना पाहिला नाही, हेही.

सरांचा चेहरा दगडासारखा झाला. "मघाशी हो म्हणालात."

"खोटं म्हणाले."

"मग आत्ता खरं बोलताय, हे कशावरून?"

तसं बघितलं तर त्यांचं चुकत काहीच नव्हतं. पहाटेची सूचना खरी होती. मी चुकले तर एखादी परकी होडी माझ्या बापाच्या नावाने बंदरात शिरली असती, आणि बंदरात त्या वेळी हजार माणसं होती.

"सर, नवी 'राही' साखळीत कुठे दिसतेय ते बघू," मी म्हटलं. "बाबा जर तिच्यावर असतील तर..."

केतनने बोटं चालवली. "चारशे अकरा... बंदरात आहे. उभी. चार दिवस हललेली नाही. म्हणजे ताई, तुमचे वडील बंदरातच आहेत."

क्षणभर मला वाटलं, मीच वेडी झालेय. "मोठं कर," मी म्हटलं. "नकाशा मोठा कर."

त्याने केला. ठिपका धक्क्यावर नव्हता. धक्क्याच्या बराच मागे, वाडीत, घरांच्या मधे होता.

"ही होडी जमिनीवर कशी?" केतन म्हणाला.

"ती होडी नाही. ते आमचं घर आहे," मी म्हटलं. "तो कोपरा देवघराचा. नवा डबा देवघरात ठेवलाय, आणि होडीवर जुना लावलाय." का लावलाय, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण हे असं करणारा माणूस ह्या किनाऱ्यावर एकच होता.

सरांनी दोन सेकंद ठिपक्याकडे पाहिलं. मग भोंग्याकडे वळले. "मुख्य कक्ष, रत्नागिरी. लक्ष्य आपलीच मच्छीमार होडी असण्याची दाट शक्यता. हुकूम मागे घ्यावा."

"आधार?"

"पडताळणी अधिकाऱ्याने जुनी नोंद न पाहता केली होती. मालक तिचे वडील आहेत."

भोंगा म्हणाला, "म्हणजे एकदा खोटी नोंद करणारी बाई आता बापाला वाचवायला दुसरं काहीतरी सांगतेय. असंच ना? हुकूम मागे घ्यायला चार सह्या लागतात. पूर्णगड बंद आहे. माझी मिळणार नाही."

नऊ मिनिटं.

मला त्या साहेबांचा राग आला, आणि लगेच माझाच आला. ते कुठे चुकले होते? कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि ते कुंपण मी होते.

"सर," केतन हळूच म्हणाला, "दुसरा रस्ता आहे. हुकूम एका नोंदीवर उभा आहे. डबा क्रमांक एक नष्ट झाला, ही ती नोंद. ती नोंदच खोटी ठरली तर हुकूम आपोआप पडतो. त्याला कुणाची सही लागत नाही. फक्त ज्याने नोंद केली, त्याने त्याच चावीने जाहीर करायचं."

"मग वाट कसली बघतोयस?" मी ओरडले.

"ताई, नियम वाचा आधी." त्याने पडदा माझ्याकडे फिरवला. तिथे स्वच्छ मराठीत लिहिलं होतं: आपली ही नोंद खोटी होती असे आपण जाहीर करीत आहात. परिणाम: आपली चावी कायमची बंद होईल. आपल्या चावीने केलेल्या सर्व ४१२ नोंदी तात्काळ स्थगित होतील. हे जाहीर केलेले मागे घेता येत नाही.

चारशे बारा होड्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त त्या वेळी समुद्रात. सगळ्या एकदम संशयित ठरणार, सगळ्यांना जाळी ओढून घरी परतावं लागणार, ऐन मासळीच्या दिवसांत. माझ्या वाडीतली, शेजारची, नात्यातली माणसं. तीन वर्षं त्यांच्या दारात जाऊन मी सांगत होते, अहो डबा नीट ठेवा, नियम पाळा, सरकारचं काम आहे.

सर शांतपणे म्हणाले, "मी तुम्हाला हुकूम देऊ शकत नाही. हे तुमचं तुम्हालाच करावं लागेल. पुढे काय होईल ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"आणि तुमची खात्री आहे?"

"सर, माझा बाप आजोबांशी सात मिनिटं बोलतो," मी म्हटलं. "कुठला शत्रू बोलेल?"

सहा मिनिटं. 'कारण' असं लिहिलेल्या रकान्यात मी टाइप केलं. दोनदा खोडलं. शेवटी एवढंच राहिलं: डबा फुटताना मी पाहिला नाही. न पाहता सही केली. गुणवंती दत्ताराम शिवलकर. मग बोट लावलं.

नोंद खरी धरायला निदान तीन ठिकाणी पोचावी लागते. ती पोचल्याची पावती यंत्रच देतं, माणूस नाही. रत्नागिरीची पावती लगेच आली. दाभोळ, अर्ध्या मिनिटात. मग काहीच नाही.

"मुख्य कक्ष?"

"पहाटेच्या सूचनेपासून त्यांची लाइन भरून वाहतेय, आणि गस्तीनौकेकडेही नोंद त्यांच्यातूनच जाते," केतन म्हणाला. "आपली नोंद रांगेत आहे."

"रांगेत? रेशनला उभी आहे का ती? काढ तिला बाहेर!"

"मला काढता येत नाही, ताई. कुणालाच येत नाही. तसंच बनवलंय ते."

चार मिनिटं. बाणाच्या नाकावरचा कॅमेरा पडद्यावर आला. धुरकट पाणी, आणि त्यात एक होडी. निळी. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नवीकोरी पिवळी पट्टी, पहिल्या फेरीसाठी लावलेली झेंडूची माळ. सरांनी होडी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि भोंग्यावर पहिल्यांदा आवाज चढवला. "मुख्य कक्ष, चित्र बघा! ती मच्छीमार होडी आहे! माळ बघा!"

"माळ कुणीही बांधतो, रत्नागिरी."

बाणाने सायरन वाजवला. लाल दिवे फिरवले. थांबा, थांबा, थांबा. मला ठाऊक होतं, बाबा थांबणार नाहीत. भर पाण्यात रिकामी बोट दिसली, तिच्यावर माणूस नाही आणि तरी ती चालतेय, की आमचे लोक तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. अवलक्षणी ती. तोंड फिरवायचं आणि निघायचं. चित्रात मला बाबांचा लाल टोपीचा ठिपका दिसला. त्यांनी बाणाकडे पाठ केली. होडी वळली आणि तिचा वेग वाढला.

"पळतायत," भोंगा म्हणाला.

"थांबा ना हो, बाबा," मी पडद्याला सांगत होते. "एकदा थांबा. देवा, आजोबा, कुणीतरी थांबवा त्यांना."

बाणाने इशाऱ्याची फैर झाडली. होडीच्या पुढे पाण्याचा फवारा उडाला. नियमाने पुढची फैर वीस सेकंदांनी, इंजिनावर. पडद्यावर आकडे उलटे यायला लागले. वीस. एकोणीस. ऋत्विक खाली असणार, बाबा वरून ओरडत असणार, दाब अजून, दाब. बारा. अकरा. केतन खुर्चीतून उठून उभा राहिला होता. मी त्याचा हात धरला होता, हे मला नंतर कळलं. नखांचे व्रण होते.

सातवर आकडे थांबले.

पडद्यावर एक साधी ओळ आली. मुख्य कक्ष: नोंद प्राप्त. तिच्याखाली दुसरी. आधारनोंद खोटी. हुकूम रद्द. बाण जागच्या जागी थांबला आणि होडी त्याच्यापासून लांब लांब जात राहिली.

मी खाली बसले. खुर्ची तिथे नव्हती, जमिनीवरच बसले आणि हंबरडा फोडला. लाजबिज काही वाटली नाही.

उठले तेव्हा पडदा बदलला होता. किनारा भरून हिरवे ठिपके असायचे, ते एकेक करून पिवळे होत होते. माझे सगळे. सर रेडिओवर एकेका होडीला परत बोलवत होते आणि पलीकडून येणाऱ्या शिव्या मला ओळखीच्या आवाजात ऐकू येत होत्या. मी गळ्यातली चावी काढून टेबलावर ठेवली. सरांनी ती पाकिटात घातली, पाकिटावर वेळ लिहिली. "चहा घ्या," एवढंच म्हणाले. केतनने तो केला होता. आलं घालून.

दुपारी तीनला बाबांची होडी गस्तीच्या माणसांबरोबर धक्क्याला लागली. मी, सर आणि केतन खाली गेलो. धक्का होड्यांनी गच्च भरला होता. लोक माझ्याकडे बघून बोलणं थांबवत होते. सगुणाकाकी, जिच्या मांडीवर मी वाढले, ती टोपलीवरून न उठता म्हणाली, "झालं समाधान?" मी मान खाली घातली.

ऋत्विक आधी उतरला, पांढराफटक. मग बाबा, लाल टोपी हातात. माझी सगळी भीती एका क्षणात रागात बदलली. "बाबा, अक्कल आहे का तुम्हाला? जुना डबा का लावलात? कुणी सांगितलं होतं?"

बाबांनी आधी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ओरडतंस कशाला? होडी मोडली की तिच्यातलं एक काय तरी नव्या होडीत घालतात, ठाव नाय तुला? तिचा जीव असतो त्यात. माझ्या बापसाने नाळेचं लाकूड घातलान होता. पण गंगुबायचं लाकूड सगळं किडलेलं. एक धड नव्हतं. हा डबा तेवढा चांगला होता. वायर कमी पडली म्हणून चार दिवस नुसता बांधून ठेवला, आज सकाळी ऋत्याने जोडलान."

"पण नवा डबा होता ना!"

"तो कोरा. त्यात कोण हाय?" बाबा म्हणाले. "ह्याच्यावर तुझी सही हाय."

ऋत्विकने डबा काढून आणला होता. त्याच्या झाकणावर काळ्या शाईत मी तीन वर्षांपूर्वी लिहिलेलं होतं: क्र. १, गु. द. शिवलकर. माझ्या नोकरीचा पहिला दिवस. पहिली होडी घरचीच घ्यावी म्हणून मी धावत खाली आले होते. बाबांनी सगळ्या धक्क्याला बोलवून दाखवलं होतं, बघा, माझ्या पोरीची सही.

"म्हटलं, पोर संगती असली म्हणजे समुद्रात भीती नाय," बाबा म्हणाले.

मला तोंड लपवायला जागा नव्हती.

सरांनी हातोडा पुढे केला. "दत्तारामकाका, नियमाने मालकाने फोडायचा असतो. साक्ष केतन देतील." माझ्याकडे ते बघत नव्हते. डबा धक्क्याच्या दगडावर ठेवला. सकाळपासून भरलेल्या आतल्या बॅटरीवर त्याचा हिरवा दिवा अजून चालू होता.

बाबांनी हातोडा उचलला आणि थांबले. "गुणे, तेव्हा बोलावलं तर आलं नाहीस."

"आलेय, बाबा."

"मग बघ."

मी पाहिलं. दोन घावांत झाकण फुटलं, सहीचे तुकडे झाले, तरी दिवा लुकलुकत होता. तो तिसऱ्या घावाला विझला.